तीन कंसांचा मान

मधुकरराव खरवंडीकरांना हसता येत नव्हतं, असं मुळीच नाही. घरी ते हसायचे. शेजारच्या वत्सलाबाईंच्या मांजरीनं त्यांच्या स्कूटरच्या सीटवर पिल्लं घातली तेव्हा तर ते पोट धरून हसले होते; सीटची अवस्था बघेपर्यंत. पण ऑफिसात हसू नये, असं त्यांना नोकरीच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं होतं, आणि मधुकररावांना एकदा सांगितलेली गोष्ट परत सांगावी लागत नसे. त्यामुळे सुरतेत रिंगरोडवर, साड्या छापणाऱ्या त्या पेढीच्या ऑफिसात हेडक्लार्कच्या खुर्चीवर त्यांचे केस पिकले, तरी त्यांचे दात कसे आहेत हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

अशा माणसाला एके दिवशी हसण्याचा हुकूम झाला. तोही वरून.

त्याचं असं झालं, की धाकटे शेठ अमेरिकेत शिकून परत आले आणि त्यांनी ऑफिसात संगणक बसवले. नुसते बसवून थांबते तर मधुकररावांचं काही म्हणणं नव्हतं. काचेच्या कपाटातली टेनिसची ढालही ऑफिसात होतीच, तिचा कुणाला त्रास नव्हता. पण हे संगणक तारेनं एकमेकांना जोडले गेले. एकानं काही टाइप केलं की दुसऱ्याच्या पडद्यावर टुंग करून चौकट उघडायची आणि निरोप दिसायचा. यापुढे कागदावर मेमो नाही, हाका मारणं नाही, जे काय सांगायचं ते यंत्रावरून सांगायचं, असं ठरलं. समोरच्या टेबलावरचा माणूस शिंकला तरी ऐकू येईल अशा ऑफिसात लोक एकमेकांना तारेनं निरोप पाठवू लागले. याला प्रगती म्हणतात, असं कळल्यावर मधुकररावही गप्प बसले.

समोरच्या टेबलाचं नाव निघालंच आहे, तर तिथे कोण बसायचं तेही सांगून टाकतो. तिथे पांडुरंग बसायचा. खानदेशातून मागावर काम करायला आलेला, पुढे अक्षर चांगलं म्हणून ऑफिसात घेतलेला आणि आवक-जावकाच्या टेबलावर बसवलेला. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद त्याच्या हातून आत यायचा, जाणारा त्याच्या हातून बाहेर जायचा. त्यानं शिक्का मारून नंबर घातल्याशिवाय मधुकरराव कशाकडे बघायचेसुद्धा नाहीत. एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याची लग्नपत्रिका ऑफिसच्या पत्त्यावर आली, तीही त्यांनी आधी पांडुरंगाकडे पाठवली होती. दुपारी दोघं एकत्र डबा खात. अलकाताईंची आमटी पांडुरंगाला आणि त्याच्या घरची कळण्याची भाकरी मधुकररावांना, हा व्यवहार वर्षानुवर्षं चालू होता.

संगणक आले तशी ऑफिसातली टेबलं एकेक करून जायला लागली. तेव्हा एकदा डबा खाता खाता पांडुरंगानं विचारलं, "साहेब, माझं टेबल राहील ना?"

"मी आहे तोवर तुझ्या टेबलाला कुणी हात लावत नाही," मधुकरराव म्हणाले. तोंडात भाकरीचा घास होता, पण शब्द अगदी स्वच्छ निघाले होते. पांडुरंगानं परत तो विषय काढला नाही.

तर हसण्याच्या हुकमाकडे वळू. मधुकररावांची लेखी भाषा ऑफिसात प्रसिद्ध होती. "कालच्या चलनाचे काय झाले? तात्काळ खुलासा करावा," ही त्यांची सौम्य भाषा. कागदावर ती खपून जायची, कारण कागद येईपर्यंत माणसाला तयारीला वेळ मिळायचा. पडद्यावर टुंग करून एकदम "खुलासा करावा" आलं, की नव्या पोरांच्या हातातला चहा सांडायचा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्वरीला निरोप धाडला, "ताबडतोब भेटा." शर्वरी ही संगणक सांभाळणारी मुलगी. सुरतेतच वाढलेली, इतरांशी गुजरातीत बोलणारी आणि मधुकररावांशी मराठीत, तेही मधेच "काका, बराबर ना?" असं म्हणणारी. तिनं तो निरोप वाचला आणि नोकरी गेली असं समजून ती जिन्यात जाऊन रडली. वास्तविक मधुकररावांना तिला अलकाताईंनी दिलेला तिळगुळाचा लाडू द्यायचा होता. तिनं तो घेतला, पण खाल्ला की नाही देव जाणे.

प्रकरण धाकट्या शेठपर्यंत गेलं. त्यांनी मधुकररावांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच मधुकरराव काय ते समजले. वाईट बोलायचं असलं की शेठ खुर्ची देत.

"मधुकाका, तमे सारा माणस छो," शेठ म्हणाले, "पण तमारो मेसेज वांचीने बीक लागे छे." माणूस तुम्ही चांगले, पण तुमचा निरोप वाचून भीती वाटते, आणि त्यावर उपाय सोपा आहे; निरोपाच्या शेवटी एक हसरा चेहरा टाकत जा. अमेरिकेत सगळे टाकतात. कसा टाकायचा ते शर्वरी दाखवेल.

शर्वरीनं दाखवलं. विसर्गासारखे दोन ठिपके, पुढे आडवी रेघ, पुढे कंस. :-) असं.

"हे काय आहे?"

"हसतंय ते, काका. मान डावीकडे वाकडी करून बघा. हे डोळे, हे नाक, हे तोंड."

मधुकररावांनी मान वाकडी केली. खरंच कुणीतरी हसत होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "हे मोठ्या शेठना पाठवायचं झालं तर काय करायचं?"

"हेच पाठवायचं."

"आणि शिपायाला?"

"हेच, काका."

"सगळ्यांना एकच?" मधुकरराव उभे राहिले. त्यांची मान मात्र तशीच डावीकडे राहिली. ती तिथेच लचकली होती.

त्यांना काय वाटलं हे आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही. मधुकररावांना लहानपणी वडिलांनी पत्राचा मायना शिकवला होता. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, बरोबरीच्याला सप्रेम नमस्कार, मोठ्याला साष्टांग. एकदा त्यांनी काकांना चुकून "अनेक उत्तम आशीर्वाद" लिहिले होते, तर त्या दिवशी त्यांना ताटावरून उठवलं होतं. अशा शिस्तीत वाढलेल्या माणसानं मोठ्या शेठकडे आणि चहावाल्याकडे बघून एकाच मापाचं हसायचं म्हणजे काय.

संध्याकाळी नानपुऱ्यातल्या घरी अलकाताई त्यांच्या मानेला बाम चोळत होत्या, तेव्हा शेजारच्या वत्सलाबाई मांजर शोधत आल्या आणि बसल्या. वत्सलाबाई म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. पत्रलेखन हा त्यांचा हातखंडा विषय. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मधुकरराव, तुमचं बरोबर आहे. मायना हवाच. नाहीतर हसणं आणि खिदळणं यात फरक काय राहिला?"

आपलं बरोबर आहे असं म्हणणारं माणूस भेटलं की मधुकररावांना राहवत नसे. दोघांनी बसून हसण्याचा मायना तयार केला. धाकट्यांना आणि शिपायांना एक कंस. बरोबरीच्यांना दोन. वडीलधाऱ्यांना आणि मालकांना तीन, कारण तीन कंसांत तोंड अधिक रुंद होतं आणि त्यात साष्टांगाचा भाव येतो, असं वत्सलाबाईंचं म्हणणं पडलं.

"आणि ऑफिसातल्या बायकांना?" बाम चोळणारा हात थांबवून अलकाताईंनी विचारलं.

हा मुद्दा राहूनच गेला होता.

"परक्या मुलीकडे बघून हसायचं, तेही लेखी," अलकाताई म्हणाल्या. "उद्या तिच्या बापानं कागद पुढे केला तर काय सांगाल?"

वत्सलाबाईंनी तोड काढली. बायकांना कंस द्यायचाच नाही, उभी रेघ द्यायची. :-| असं. मिटलेले ओठ. सोज्वळ दिसतं.

दुसऱ्या दिवसापासून मधुकरराव मायन्याप्रमाणे हसू लागले आणि ऑफिसची घडी विस्कटायला सुरुवात झाली. पहिली शर्वरी आली. डोळे भरलेले. "काका, मी काय चुकले? सगळ्यांना स्माइल आणि मला हे असं तोंड?" मधुकररावांनी तिला शालीनता समजावून सांगितली. ती डोळे पुसून म्हणाली, "मला पण एक कंस चालेल, काका. पप्पा कंई नही बोलणार." तेव्हापासून तिला एक कंस लागू झाला.

मग हिशेबनीस छगनभाईंची पाळी. हे पेढीतले जुने माणूस. त्यांना मायन्याप्रमाणे दोन कंस जात होते आणि ते सुखात होते. पण एकदा घाईत मधुकररावांचं बोट कळीवर जरा जास्त टेकलं आणि डिस्पॅचच्या ललितला, काल लागलेल्या पोराला, दोन कंस गेले. ललितनं ते सगळ्यांना दाखवले. छगनभाई दुपारी मधुकररावांसमोर येऊन उभे राहिले. "मधुभाई, अमे बेउ सरखा?" त्यांनी एवढंच विचारलं. मी आणि तो पोरगा सारखे? मधुकररावांनी बोटाची चूक कबूल केली, पण एकदा दिलेला कंस परत कसा घ्यायचा? परत घ्यावा तर ललितचा अपमान, ठेवावा तर छगनभाईंचा. शेवटी छगनभाईंना अडीच देता येतील का, असंही त्यांनी शर्वरीला विचारून पाहिलं. यंत्रात अर्धा कंस नव्हता.

पगारवाढीचे दिवस जवळ येत होते. धाकट्या शेठनी मधुकररावांकडून सगळ्यांची माहिती मागवली आहे, हे कुठूनतरी फुटलं, आणि ऑफिसात कुणीतरी सोडून दिलं की कंस बघून वाढ ठरणार. त्या दिवसापासून मधुकररावांना न मागता चहा येऊ लागला. कुणी घरची चकली आणली, कुणी पोंक, म्हणजे सुरती हुरडा, आणला, कुणी त्यांच्या मानेला शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. लोक पडद्यासमोर माना वाकड्या करून आपापले कंस मोजत आणि शेजाऱ्याचे चोरून बघत. मधुकररावांना हे आवडलं नाही असं त्यांनी घरी सांगितलं. पण खरं सांगायचं तर थोडं आवडलं होतं. इतकी वर्षं त्यांच्या रागाला लोक भ्यायचे, आता त्यांच्या हसण्याची वाट बघत होते.

या सगळ्यात पांडुरंग नव्हता. त्याच्या टेबलावर यंत्रच नव्हतं, त्यामुळे त्याला कुठलाच कंस कधी गेला नव्हता. तो कागद कमी झाले म्हणून जुने शिक्के पुसून ठेवायचा आणि दुपारी डबा उघडायचा.

आणि मग धाकट्या शेठनी मधुकररावांना परत केबिनमध्ये बोलावलं. परत खुर्ची दिली.

आवक-जावक आता संगणकात होणार. पांडुरंगाला इच्छापोरच्या कारखान्याच्या फाटकावर बसवायचं, आत-बाहेर जाणाऱ्या ट्रकची नोंद करायला. त्याच्या टेबलाच्या जागी मोठा प्रिंटर येईल. "तमे ज लखी नाखो, काका," शेठ म्हणाले. "जरा प्रेमथी." तुम्हीच लिहून टाका, जरा प्रेमानं.

इथे मधुकररावांनी काहीतरी बोलायला हवं होतं. मी त्याला शब्द दिलाय, एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, "बरं." आणि वर खुर्ची जागेवर सरकवून आले.

टेबलाशी येऊन बसले, तर पांडुरंग समोरून बघत होता. "मान दुखते का साहेब? चहा सांगू?"

"सांग," मधुकरराव म्हणाले.

पांडुरंग चहा सांगायला उठला, आणि तो उठलेला बघून मधुकररावांनी टाइप करायला घेतलं. आपली बदली इच्छापोर येथे करण्यात येत आहे, सोमवारपासून तेथे हजर व्हावे. वाचून पाहिलं. फार कोरडं वाटलं. प्रेमानं लिहायचं होतं. मायना काढावा, तर पांडुरंग कुठल्या रांगेत बसतो? हुद्द्यानं बघितलं तर एक कंस. वयानं दोन. पण हा माणूस रोज आपल्याला भाकरी देतो, आणि आपण त्याला हे लिहितोय. त्यांनी ठरवलं, आज मायना मोडायचा. त्यांनी तीन कंस टाकले. शेठमंडळींखेरीज कुणालाही न दिलेला मान त्यांनी पांडुरंगाला दिला, आणि त्यांना थोडं बरं वाटलं.

बदलीचा हुकूम सगळ्यांना कळवायचा असा नियम होता. तो मधुकररावांनीच केला होता. त्यांनी कळ दाबली.

टुंग, टुंग, टुंग, ऑफिसभर आवाज झाला. सगळ्यांच्या माना डावीकडे कलल्या. छगनभाई मोठ्यांदा हसले. "पांडुने त्रण!" ललितच्या दोन कंसांवरून ते इतके दिवस जळत होते, आणि इथे फाटकावर जाणाऱ्याला तीन. त्यांचं बघून ललित हसला, ललितचं बघून बाकीचे हसले. पांडुरंग चहाचा पेला घेऊन मधेच उभा होता. सगळे आपल्याकडेच बघून, वाकड्या मानेनं हसताहेत हे त्याच्या लक्षात आलं. काय झालं ते त्याला कळलं नाही, पण काहीतरी गंमत असेल आणि कुणीतरी सांगेल, म्हणून तोही थोडासा हसला.

मधुकररावांनी ते हसू पाहिलं आणि पुढे कित्येक दिवस त्यांना दुसरं काही दिसलं नाही.

शर्वरी हसली नव्हती. तिनं निरोप छापला, कागद फाडून घेतला आणि मधुकररावांकडे पाहिलं. तुम्ही देता का, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता. मधुकररावांनी पेन उघडं आहे की बंद, ते तपासलं. मग तिनंच जाऊन तो पांडुरंगाच्या हातात दिला.

पांडुरंगानं पेला मधुकररावांच्या टेबलावर ठेवला. जागेवर जाऊन चष्मा लावला, कागद वाचला. शेवटी जे काय होतं ते त्यानं मान वाकडी करून नीट बघितलं. मग नेहमीप्रमाणे कागदाला शिक्का मारला, नंबर घातला, आवकेत नोंद केली. आपल्या हातानं आपली बदली आत घेतली. शाई वाळू दिली. नंतर शिक्के फडक्यात बांधले, डबा उचलला आणि जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच तो गेला. मधुकररावांशी एक शब्द बोलला नाही. त्या दुपारी आमटी तशीच परत घरी आली.

"तो बसतो कुठे?" सगळं ऐकल्यावर अलकाताईंनी विचारलं.

"माझ्यासमोर."

"मग तोंडानं का नाही सांगितलंत?"

वत्सलाबाई मांजर मांडीवर घेऊन तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "पण मायना चुकला नव्हता हो. उलट चढताच दिला होता."

"मायना राहू द्या, वत्सलाताई," अलकाताई म्हणाल्या. "यांना त्याच्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून यांनी ते तोंड पुढे केलं." वत्सलाबाईंनी मांजर उचललं आणि त्या घरी गेल्या. मधुकरराव जेवले नाहीत. ताटावरून कुणी उठवलं नव्हतं, या खेपेला ते आपणहून उठले.

रविवारी ते पांडुरंगाच्या घरी, कोसाडला गेले. अमरोलीपर्यंत रिक्षा, पुढे धूळ तुडवत, हातात पोंक आणि शेवेचं पुडकं. वसाहतीत सगळी घरं सारखी. एका दारात त्यांनी पांडुरंगाची चौकशी केली, तर तिथला माणूस म्हणाला, "तो ऑफिसवाला? ज्याला हासून काढलं तो?" म्हणजे बातमी त्यांच्या आधी पोचली होती. मधुकररावांना तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण पोंक गार होत होता आणि घरी अलकाताई होत्या.

दार प्रमिलाबाईंनी उघडलं. पांडुरंगाची बायको. इतकी वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली होती, पण तिला पाहत होते ते आज पहिल्यांदाच. मधुकररावांना काय बोलावं सुचेना. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. प्रमिलाबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"कागदवर तं हसनात भाऊ," ती म्हणाली. "मंग आठे काबरं नही हसतस?"

कागदावर तर हसलात, मग इथे का हसत नाही. आवाज अगदी हळू होता, आणि बोलून तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिताना मधुकररावांना ठसका लागला.

पांडुरंग बाजेवर बसला होता. "बसा साहेब," तो म्हणाला. मधुकरराव पुडकं हातात धरूनच टेकले. मग त्यानंच विचारलं, "साहेब, खरं सांगा. हसले का तुम्ही मला?"

मधुकररावांनी मग सगळं सांगितलं. धाकट्या शेठचा हुकूम, वाकडी मान, वत्सलाबाईंचा मायना, एक कंस, दोन कंस, तीन कंस. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ते इतकं खुळचट वाटायला लागलं, की मधेच थांबून पळून जावं. पांडुरंग मात्र लक्ष देऊन ऐकत होता. असं नीट ऐकून घेणारं ऑफिसात आजवर कुणी भेटलं नव्हतं.

"मोठ्या शेठला किती?"

"तीन."

"छगनभाईला?"

"दोन."

"आणि मला तीन?"

"तीन."

पांडुरंगानं मिशीवरून हात फिरवला. "मग चुकलंच तुमचं. शेठच्या रांगेत मला कसं बसवलं? दर्जा म्हणजे दर्जा साहेब." आणि थोड्या वेळानं म्हणाला, "पण मायना बरोबर केला होता. मला कळलं असतं. त्या पोरांना काय कळणार."

मधुकररावांना रडू आलं. सगळ्या ऑफिसात त्यांचं म्हणणं समजणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच त्यांनी उठवलं होतं.

"तरी एक सांगतो," पांडुरंग म्हणाला. "माणसाला जागेवरून उठवताना हसत नाही कोणी. किती का मानानं असेना. हात जोडायचे होते."

"त्या यंत्रात हात जोडायची खूण नाही रे, पांडुरंगा."

"यंत्रात नसेल. तुम्हाला तर आहेत ना दोन?"

मधुकररावांनी हातातलं पुडकं खाली ठेवलं आणि हात जोडायला उचलले. पांडुरंगानं ते मधेच धरले. "इथं नको. लोक जिथं हसले तिथं."

सोमवारी पांडुरंग शेवटचं सामान न्यायला आला. मधुकरराव उभे राहिले. पडद्याकडे त्यांनी पाठ केली. धाकटे शेठ केबिनच्या दारात होते, हातात कसलासा अर्ज घेऊन. मधुकररावांच्या तोंडून आधी "उपरोक्त विषयास अनुसरून" असं निघालं. ते त्यांनी गिळलं आणि परत सुरुवात केली. "मी याला शब्द दिला होता की टेबल हलणार नाही. मग ते हलवायची वेळ आली तेव्हा मी शेठना काही बोललो नाही, आणि याला तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली नाही. हा माझ्यासाठी चहा आणायला गेला होता तेव्हा मी ते टाइप केलं. मला लाज वाटते." त्यांनी हात जोडले. छगनभाईंकडे किंवा भिंतीकडे नाही, पांडुरंगाकडे बघून जोडले. मग शेठकडे वळून म्हणाले, "हे टेबल काढायचं असेल तर आधी माझं काढा."

शेठ हातातल्या अर्जाकडे बघत होते. तो छगनभाईंचा होता, खाली निम्म्या ऑफिसच्या सह्या. कंस ज्येष्ठतेनुसार मिळावेत, आजवर कुणाला किती मिळाले याची नोंद व्हावी, आणि कमी मिळालेल्यांना मागील तारखेपासून द्यावेत, अशी मागणी होती. अमेरिकेत त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी कपाळ चोळलं. "बंद करो," ते म्हणाले. पडद्यावर हसणं बंद. हुकूम परत कागदावर, नंबर घालून, आवक-जावकातून. प्रिंटर जिन्याखाली ठेवा.

म्हणजे टेबल राहिलं. ते मधुकररावांच्या बोलण्यामुळे राहिलं की त्यांनी आधी करून ठेवलेल्या घोळामुळे, याबद्दल ऑफिसात दोन तट आहेत. मधुकररावांनी कधी कुणाला विचारलं नाही. पांडुरंगानं फडकं सोडून शिक्के जागेवर मांडले, आणि दुपारी आपला डबा आपल्याच टेबलावर उघडला. मधुकरराव समोर आमटी घेऊन बसले होते. त्यांनी हाक मारली नाही. तेवढा हक्क आता उरला नाही, हे त्यांना कळत होतं.

तेवढ्यात शर्वरीनं त्यांना आपल्या यंत्राकडे बोलावलं. ती मघापासून कळा दाबून काहीतरी जमवत होती. "काका, हे बघा ना, बराबर झालं?" पडद्यावर दोन तिरक्या रेघा होत्या, वर एकमेकींना टेकलेल्या. /\ अशा.

मधुकररावांनी सवयीनं मान वाकडी केली. "छप्पर आहे का?"

मागून पांडुरंग आला. त्यानं चष्मा लावला आणि सरळ मानेनं बघितलं.

"हात आहेत," तो म्हणाला.

मग त्यानं आपला डबा उचलून आणला आणि मधुकररावांच्या टेबलावर भाकरी काढून ठेवली. ही खूण बघायला मान वाकडी करावी लागत नव्हती. मधुकररावांनी मान खाली घातली आणि घास घेतला.